सेवेतले सहा आठवडे

२९ मार्च २०२५, शनिवार. लोअर हट

ही वही जावयांनी आणून दिली. शिरीषराव म्हणाले, "आई, तुम्ही सारखं विचारता, इथे हे असं का, तिथे ते तसं का. लिहून ठेवा, मग एकदम विचारा." टोमणा होता, पण वही चांगली आहे, कागद जाड आहे, म्हणून घेतली.

हे गेल्यापासून मी एक ओळ लिहिली नव्हती. दोन वर्षं दोन महिने झाले. त्याआधी चौतीस वर्षं अकोल्याच्या समाजकल्याण कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं आणि रोज रात्री दिवसाची नोंद केली. आता इथे मुलीकडे चार महिन्यांसाठी आले आहे. नोंद करायला कार्यालय नाही, पण बघायला खूप आहे.

आजची चौकशी: कोपऱ्यावरच्या दुकानाला हे लोक 'डेअरी' म्हणतात. दूध आहेच, पण छत्री, गोळ्या-बिस्किटं, मोबाईलचं कार्ड, तंबाखू, सगळं आहे. मालक गुजराती. डेअरी का म्हणतात, त्यालाही माहीत नाही. सतरा वर्षं दुकान चालवतो आणि कधी विचारलं नाही म्हणे. मला अशा माणसांचं नवल वाटतं.

३१ मार्च, सोमवार

सुरभीने सकाळी ड्यूटीवर जाता जाता विचारलं, "आई, बरी आहेस ना? खरंच?" रोज विचारते. हा 'खरंच' कशाला लावते कळत नाही. मी ठणठणीत आहे.

ती इथल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. घरापासून वीस मिनिटं चालत. शिरीषराव वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेनने वेलिंग्टनला जातात. ईशा, माझी नात, सात वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. मी शेजारणीच्या फाटकाशी ठेवलेली खोकी उघडून बघितली तर म्हणाली, "आजी, यू आर सो नोझी." नोझी म्हणजे काय ते शिरीषरावांना विचारलं. ते हसले आणि सांगितलं नाही, म्हणजे कळलंच.

खोक्यात फिजोआ नावाची हिरवी फळं होती. झाडाला जास्त लागली की लोक फाटकाशी ठेवतात आणि 'फुकट न्या' असं लिहितात. मी सहा आणली. पेरूच्या नात्यातलं वाटतं.

३ एप्रिल, गुरुवार

फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक अर्ज आहे. चार पानं. इतके दिवस मला वाटलं विजेचं बिल असेल. आज बघितला तर अर्ज! माझे हात शिवशिवले. चहा गार झाला पण पूर्ण वाचून काढला.

संध्याकाळी सुरभीला विचारलं. तिने समजावलं ते असं. ती नर्सिंग शिकली तेव्हा इथल्या सरकारचं शिक्षणकर्ज घेतलं होतं. इथे राहिलं तर त्याला व्याज नाही, पगारातून थोडं थोडं कापलं जातं. आणि एक योजना आहे. ज्या कामाला माणसं मिळत नाहीत, म्हणजे वृद्धाश्रम, मनोरुग्ण, आडगावचे दवाखाने, तिथे नाव नोंदवून सलग तीन वर्षं काम केलं की सरकार त्या कर्जाचा मोठा हिस्सा भरून टाकतं. सुरभीचा उरलेला सगळा आकडा त्यात जवळजवळ मिटतो.

"म्हणजे म्हाताऱ्यांची सेवा केली म्हणून सरकार कर्ज माफ करतं?"

"तसंच काहीसं."

"आणि तुझी तीन वर्षं?"

"दोन मेला होतात."

"मग अर्ज अजून कोरा का?"

"बघते गं," म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

आमच्याकडे डॉक्टरांना खेड्यात सेवा करायची सक्ती असते आणि न केल्यास दंड. इथे उलटं. करा, मग माफ. कोणत्या पद्धतीत माणूस जास्त टिकतो, कुणी मोजलं आहे का? हे असते तर वाद घातला असता.

६ एप्रिल, रविवार

आज इथे घड्याळ एक तास मागे केलं. संपूर्ण देशाने. मी शिरीषरावांना विचारलं, रात्रपाळीच्या माणसाला तो जादा तासाचा पगार मिळतो का? त्यांना माहीत नव्हतं. सुरभीला माहीत होतं. मिळतो.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीचा कार्यक्रम हॉलमध्ये झाला. साठ-सत्तर माणसं. पंचशील, भाषणं, मग जेवण. वरणाला फोडणी छान होती. मुलांनी इंग्रजीत भाषणं केली आणि आजी-आजोबांनी न कळता टाळ्या वाजवल्या.

तिथे प्राची भेटली, सुरभीबरोबर शिकलेली. तिचा अर्ज याच योजनेत मंजूर झाला. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं विचारून घेतलं. तिच्याकडून एक नवीनच कळलं. सुरभीला लोकांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्याची नोकरी मिळाली आहे, सात जुलैपासून. तिला कित्येक वर्षं हेच करायचं होतं. वृद्धाश्रमात उचलून उचलून तिची पाठ गेली आहे, हेही प्राचीनेच सांगितलं. पण ती नोकरी योजनेत बसत नाही. तीन वर्षं मान्य झाली तरच इथून निघता येईल. नाहीतर एक तर वृद्धाश्रमातच राहायचं, किंवा कर्जाच्या पैशांवर पाणी सोडायचं.

"तिचं सलग झालं ना पण?" प्राची म्हणाली. "ते 'सलग' फार बघतात."

तेवढ्यात सुरभी ड्यूटीवरून आली, 'सलग' तिने ऐकलं असणार. मला म्हणाली, "आई, खीर घेतलीस का?" विषय बदलायला हिच्यासारखी हीच.

आईला पाठीचं सांगत नाही, नोकरीचं सांगत नाही. मी काय परकी आहे का?

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडे. सगळं बंद. डेअरीसुद्धा.

अर्ज पुन्हा वाचला. पान तीन. सेवेत खंड पडला असल्यास तारखा आणि कारण. तारखा पेन्सिलीने लिहिल्या आहेत: ९ ऑगस्ट ते २० सप्टेंबर २०२३. कारणाचा रकाना कोरा.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुरभी अकोल्यात होती. माझ्या आजारपणात. सहा आठवडे होती. मला वाटलं होतं रजेवर आली. ती बिनपगारी निघाली तर! मला एका शब्दाने बोलली नाही.

पण मग कठीण काय आहे? 'आईचे गंभीर आजारपण' असं लिहायचं, कागद जोडायचे, मोकळं व्हायचं. आमच्याकडे याला 'खंड क्षमापित करणे' म्हणतात. मी स्वतः किती प्रकरणं हातावेगळी केली. चार शब्दांचं कारण लिहायला या मुलीला तीन महिने लागतात. ढिली आहे, बापावर गेली.

रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, आजारपण असल्यास वैद्यकीय कागद जोडावा. माझे कागद अकोल्यालाच आहेत. कपाटात असतील.

१९ एप्रिल, शनिवार

सुरभीला म्हटलं, माझ्या आजारपणाचं लिही ना. ती कपडे वाळत घालत होती. चिमटा तोंडात धरून म्हणाली, "हं."

"हं काय? तारीख निघून जाईल."

"मे अखेरपर्यंत आहे, आई."

"कागद लागतील ना पण?"

तिने चिमटा काढला, माझ्याकडे बघितलं. "लागतील. पण तू त्रास करून घेऊ नकोस. मी बघते काय लिहायचं ते."

किती समजूतदार. मलाच उगीच चिडचिड होते.

२६ एप्रिल, शनिवार

आठ दिवस वही उघडली नाही. काल इथे सैनिकांचा स्मृतिदिन होता, सगळ्यांच्या छातीवर कागदाचं लाल फूल. शिरीषराव ईशाला पहाटे घेऊन गेले. मी थंडीचं कारण सांगून घरी राहिले.

खोटं लिहायचं नाही असं ठरवून पेन घेतलं आहे. तेव्हा लिहिते.

कपाटात कागद नाहीत. कागद कुठेच नाहीत. मी आजारी नव्हते.

हे जानेवारीत गेले. तेरा दिवस माणसं होती, मग महिनाभर कुणी ना कुणी. मग जुलै आला. एका माणसाचा स्वयंपाक कसा करतात हे मला येत नव्हतं. अर्धी वाटी डाळ कुकरला लावली तर कुकरची शिट्टीच होईना. रोज दोन माणसांचं करून उरलेलं डब्यात भरून ठेवायचे. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद करायचे. एकदा दुधवाला चार दिवस आलाच नाही हे पाचव्या दिवशी लक्षात आलं.

त्या रात्री सुरभीचा फोन आला, कशी आहेस, तर तोंडातून निघून गेलं, "छातीत दुखतं गं. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलवून घ्या." कोण डॉक्टर? कुणी नाही. मी डॉक्टरकडे गेलेच नव्हते. एवढं बोलले आणि वाटलं, ती म्हणेल काळजी घे, रोज फोन करते. ती चौथ्या दिवशी दारात उभी होती.

आल्या आल्या, चपला काढायच्या आत, माझं मनगट धरून बसली. घड्याळाकडे बघत. मग डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पायाला सूज आहे का बोटाने दाबून बघितलं, पाठीला कान लावला. औषधाचा डबा उघडला, त्यात ईनो आणि बाम. पिशवी घेतली आणि भाजी आणायला गेली.

मग सहा आठवडे ती होती. आम्ही रोज दोघींचा स्वयंपाक केला. तिने यांचे कपडे आवरले, जे मला होत नव्हतं. एकदा दोघी रात्री बारापर्यंत हसत बसलो, कशावर ते आठवत नाही. मी दुसऱ्याच दिवसापासून बरी झाले होते आणि तिला वाटू नये म्हणून अधूनमधून छातीला हात लावायचे.

मला आयुष्यात कुणाला नुसतं 'ये' म्हणता आलं नाही. कारणाशिवाय अर्ज करायचा नाही, ही सवय.

आणि आता तिच्या तीन वर्षांत त्याच सहा आठवड्यांचं भोक आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस डोकं चालवलं. सुरभीला सांगायचं? तिला वाटेल, आई नाटकी. तिने पगार सोडला, लेकरू सोडलं, तिकिटाचे पैसे घातले, आणि आई ढोंग करत होती. ती आयुष्यभर मला 'बरी आहेस ना' विचारेल आणि माझं उत्तर खरं धरणार नाही.

सांगायचं नाही तर कागद हवा. कांचनला फोन केला. ती माझी अकोल्यातली शेजारीण, तिचे दीर डॉक्टर. म्हटलं, मुलीच्या कामासाठी एक प्रमाणपत्र पाहिजे, दोन वर्षांपूर्वीचं. कांचनने काही विचारलं नाही. म्हणाली, "एवढंच ना? पाठवते." इतकं सोपं असतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या बाजूने कधी बघितलं नव्हतं, एवढंच.

२ मे, शुक्रवार

सुरभीची तीन वर्षं आज झाली, म्हणजे खंड नसता तर. आश्रमातल्या बायकांनी तिच्यासाठी केक केला. एका ब्याण्णव वर्षांच्या आजीने तिला विणलेली टोपी दिली, एक बाजू मोठी. सुरभी ती घालून घरी आली आणि झोपेपर्यंत काढली नाही.

प्रमाणपत्र व्हॉट्सॅपवर आलं.

३ मे, शनिवार

ईशाला घेऊन लायब्ररीत गेले. तिथे फोनवरून कागद छापता येतो. तिथल्या मुलीने मदत केली, काळ्या-पांढऱ्या पानाचे पैसे मशीनमध्ये टाकले. मशीन कसं चालतं, फोनला कसं कळतं, असे दहा प्रश्न विचारून मी एरवी तिला हैराण केलं असतं. आज काही विचारलं नाही. "यू ओके, आजी?" ईशा म्हणाली.

कागद हातात आला आणि सवयीने माझं बोट पहिल्या ओळीवरून फिरायला लागलं.

त्रुटी एक. 'दि. १२ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर आंतररुग्ण म्हणून दाखल.' सतरा सप्टेंबर २०२३ हा रविवार होता. रविवारी डिस्चार्ज कोण देतं?

त्रुटी दोन. वय ३६. मी त्रेसष्टची आहे.

त्रुटी तीन. वरती छापलेलं हॉस्पिटलचं नाव. त्या हॉस्पिटलचं उद्घाटनच गेल्या दसऱ्याला झालं. मी स्वतः जेवायला गेले होते, गुलाबजाम होते. २०२३ मध्ये तिथे मोकळा प्लॉट होता आणि त्यात बकऱ्या चरायच्या.

मला हसू फुटलं. लायब्ररीत. मग ते हसू गेलं, कारण आठवलं.

माझ्या टेबलावर असं एक प्रमाणपत्र आलं होतं, बार्शीटाकळीकडच्या एका मुलीचं. दोन महिने कॉलेजला गैरहजर, टायफॉइडचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक खोटा. मी डोळ्यात तेल घालून बघायचे, मला सापडलं. शिष्यवृत्ती रद्द झाली. कार्यालयात माझं कौतुक झालं. ती मुलगी एकदा येऊन टेबलासमोर उभी राहिली. मी विचारलं नाही की खरं काय झालं होतं. माझ्या कागदात तो रकाना नव्हता.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सुरभीला दिला नाही.

७ मे, बुधवार

नदीच्या बांधावर रोज चालायला जाते. कुत्र्यांना फिरवणारे लोक अनोळखी माणसालाही 'मॉर्निंग' म्हणतात. एका म्हाताऱ्या माणसाला विचारलं, कुत्रा किती वर्षांचा? त्याने कुत्र्याचं सगळं सांगितलं, मग बायको गेल्याचं सांगितलं, मग दोघं उभे राहिलो. त्याने सहज सांगितलं. 'इट गेट्स लोन्ली,' म्हणाला आणि गेला. कारण नाही, अर्ज नाही, काही नाही.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. संध्याकाळी घरीच वंदना घेतली. मेणबत्त्या ईशाने लावल्या. मी पुढे म्हणत होते, बाकीचे मागून. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथ्याला मी थांबले. चौथं खोटं न बोलण्याचं. सुरभीने माझ्याऐवजी पुढे म्हणायला सुरुवात केली आणि वंदना पूर्ण केली.

खीर वाढून झाल्यावर शिरीषराव ईशाला झोपवायला गेले. मी पर्समधून कागद काढून सुरभीसमोर टेबलावर ठेवला.

"हा खोटा आहे," मी म्हटलं. "मी मागवला. मी आजारी नव्हते, सुरभी. तेव्हा. मला काहीही झालं नव्हतं. मी तुला खोटं सांगून बोलावलं."

तिने कागद उचलला, वाचला. "वय छत्तीस?"

"त्यात तीन त्रुटी आहेत."

"आई," ती म्हणाली, "मी नर्स आहे."

मला कळेना हे काय मध्येच.

"अगं, तुझी नाडी बहात्तर होती. बीपी माझ्यापेक्षा चांगलं. पाय बघितले, छाती ऐकली. औषधाच्या डब्यात ईनो. पहिल्या दहा मिनिटांत कळलं मला."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? स्वयंपाकघरात बघितलं, सिंकमध्ये एकच ताट होतं. एकच वाटी. फ्रिजमध्ये आठ दिवसांची भाजी डब्यात. तुझी नाडी ठीक होती, बाकी काहीच ठीक नव्हतं. परत फिरायचं तिकीट आठवड्याचं होतं, ते मी पुढे ढकललं."

म्हणजे ती आठवडाभरासाठी आली होती. आणि मी बरी आहे हे कळल्यावर सहा आठवडे राहिली.

मी रडले. लिहायला लाज कशाला, चांगली हुंदके देऊन रडले. तीही रडली. मग शिरीषराव बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेले. शहाणे आहेत.

मग तिने सांगितलं, अर्ज का अडला होता. 'आईचे आजारपण' लिहिणं खोटं झालं असतं. खरं लिहायचं तर मला विचारावं लागलं असतं, आणि ती म्हणाली, "तुला कळलं असतं की मला माहीत आहे. मला तुला तसं उघडं पाडायचं नव्हतं." त्या एका कोऱ्या रकान्यासाठी ती हातची नोकरी सोडायला निघाली होती. मी तिला ढिली म्हटलं होतं, तेही याच वहीत. वरती खोडणार नाही, राहू दे.

१३ मे, मंगळवार

खोटा कागद फाडला. लाल झाकणाच्या डब्यात टाकायला गेले तर ईशा ओरडली, कागद पिवळ्या झाकणाच्या डब्यात. तिथे टाकला.

मग पत्र लिहायला बसले. माझं इंग्रजी कार्यालयीन आहे, पण चालतं. पहिला मसुदा झाल्यावर सुरभीला वाचून दाखवला. "सदर महिलेने तिच्या मुलीस प्रकृतीबाबत चुकीची माहिती दिल्याचे..." असा काहीसा अर्थ होत होता.

"सदर महिला कोण?" सुरभी म्हणाली.

"मी."

"मग 'मी' लिही की."

चौतीस वर्षांत हजारो टिपण्या लिहिल्या, एकीतही 'मी' नव्हता. तीन कागद फुकट गेले. शेवटी जमलं ते असं: माझे पती वारले होते. मी घरात एकटी होते. मी मुलीला आजारी असल्याचं खोटं सांगितलं. तिला येताच खरं कळलं, तरी ती राहिली, कारण मला गरज होती. वैद्यकीय कागद नाही. दोष माझा आहे, तिचा नाही. खाली सही, तारीख.

सुरभीने रकान्यात लिहिलं, 'वडिलांच्या निधनानंतर आईजवळ राहण्यासाठी.' शाईने. आश्रमाने रजा मंजूर केल्याचा ईमेल जोडला. पाठवला. मी पोच मागितली, तर लगेच ईमेलने आली. आवक क्रमांकासहित. या देशाबद्दल माझा आदर वाढला.

२२ मे, गुरुवार

उत्तर नाही. सुरभीचा जीव टांगणीला लागला आहे, पण दाखवत नाही. नव्या नोकरीवाल्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हो-नाही कळवायचं आहे. रात्री पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसते. आज मी तेल लावून पाठ चोळून दिली. एका जागी गाठ आहे, दगडासारखी. मला वाटत राहिलं, ही गाठ माझ्यामुळे अजून तीन वर्षं राहणार.

२९ मे, गुरुवार

फोन आला. सुरभीने स्पीकरवर ठेवला. "किया ओरा, सुरभी, ट्रेसी बोलतेय." किया ओरा हा इथला नमस्कार. सरकारी बाई, नुसत्या पहिल्या नावाने, आणि आधी उशिराबद्दल माफी मागितली. मी खुर्चीतून उठलेच.

ट्रेसीबाईंनी सांगितलं ते असं. मालकाने मंजूर केलेली रजा असेल तर त्यांच्याकडे सेवा तुटली असं धरत नाहीत. ते दिवस मोजत नाहीत, तेवढे शेवटी भरून काढायचे. दोन मेपासून सहा आठवडे.

"पण मी तर तिथेच काम करतेय," सुरभी म्हणाली. "रोज जातेय."

"मग तेरा जूनला पूर्ण होईल. मी तशी नोंद करते." मग म्हणाल्या, "तुमच्या आईचं पत्र मी वाचलं. ते लागणार नव्हतं खरं तर. पण मी वाचल्यावर माझ्या आईला फोन केला. त्यांना सांगाल?"

सुरभीने माझ्याकडे बघितलं. "ती इथेच आहे. ऐकतेय."

मी नमस्कार केला, फोनला. सुरभी हसली.

फोन ठेवल्यावर मी पहिली चौकशी केली: कागद खोटा जोडला असता तर? सुरभीने गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. मग मी दुसरी चौकशी केली: मघाशी ट्रेसीबाई म्हणाल्या, पत्र लागणार नव्हतं, मग तीन महिने फ्रिजवर अर्ज का लटकत होता? आधी एक फोन करून विचारलं असतं तर?

"तूही विचारलं नाहीस," सुरभी म्हणाली. "आणि तू तर सगळ्या जगाला विचारतेस."

खरं आहे. मी कुत्र्याचं वय विचारते.

१३ जून, शुक्रवार

पूर्ण झाली. तीन वर्षं आणि माझे सहा आठवडे. सुरभीने नव्या नोकरीला मागच्याच आठवड्यात हो कळवलं होतं. चार जुलैपर्यंत आश्रमातच आहे, निरोप द्यायचे आहेत. शिरीषरावांनी फिश अँड चिप्स आणले, कागदात गुंडाळलेले, आणि ताट न घेता तसेच खाल्ले. मी ताट घेतलं.

१७ जून, मंगळवार

पाऊस. सकाळी तिघं आपापल्या कामाला, शाळेला गेले. मी भाजी चिरली, कणीक मळली, दोन बालदी कपड्यांच्या घड्या घातल्या. डेअरीत जाऊन आले. मालकाला विचारलं, डेअरी का म्हणतात ते कळलं का? म्हणाला, अजून नाही, तुम्हीच शोधा.

दुपारी दीड वाजता घरी कुणी नव्हतं. हीटरचा आवाज येत होता, तेवढाच. यांची आठवण आली. नेहमीसारखी नाही, एकदम. मी ओट्याला धरून उभी राहिले. मग वही काढली, मग ठेवली, मग फोन काढला. सुरभी ड्यूटीवर असताना मी कधी फोन करत नाही. चौतीस वर्षांत मलाही कार्यालयात घरचा फोन आलेला आवडत नसे.

तिने दुसऱ्या रिंगला उचलला. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"तब्येत छान आहे," मी म्हटलं. "काही झालेलं नाही. मला नुसतं एकटं वाटतंय."

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता, कुणीतरी 'सिस्टर, सिस्टर' म्हणत होतं. सुरभीने कुणाला तरी 'आले' म्हटलं. मग म्हणाली, "अडीचला चहा असतो आमचा सगळ्यांचा. त्या टोपीवाल्या आजींना तुला बघायचंच आहे. चालत येशील?"

"येते."

"हळू ये, फुटपाथ ओला आहे."

वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी चौदा मिनिटांत पोचले.